कबरांतील मनुष्य व गावची माणसे

(मननासाठी शास्त्रपाठ : मार्क ५:१-२०)



गालील समुद्राच्या पलीकडील तीरावर जो मनुष्य कबरांमध्ये राहत असे, त्याची कथा आपणांपैकी बहुतेकांस लहानपणापासून ठाऊक आहे. शब्बाथशाळेत ती सांगितली म्हणजे डुकरांचा कळप कड्यावरून पाण्यात पडला, एवढेच मुलांच्या ध्यानात राहते. मोठी माणसे तीत प्रभूचे सामर्थ्य पाहतात, आणि ते पाहणे योग्यच आहे. परंतु त्या कथेत आणखी एक पक्ष आहे व त्याजकडे आपले लक्ष क्वचितच जाते. तो पक्ष म्हणजे गावची माणसे. आज आम्ही त्यांजविषयी लिहीत आहो. कारण या कथेत आपले स्थान कोठे आहे हे मंडळ्या प्रामाणिकपणे शोधू लागल्या, तर ते प्रभूच्या शिष्यांजवळ सापडेल की त्या गावकऱ्यांजवळ, याची आम्हांस काळजी वाटते.

लूक सांगतो की, हा मनुष्य त्याच नगरातला होता. म्हणजे तो कोठून तरी आलेला परका नव्हता. त्याला घर होते, आईबापांनी ठेवलेले नाव होते, आणि लहानपणी तो त्याच गल्ल्यांतून खेळला असेल. पुढे त्याची शुद्ध गेली. तेव्हा गावाने काय केले? मार्क म्हणतो की त्याला पुष्कळ वेळा बेड्यांनी व साखळ्यांनी बांधले होते. एकदा नव्हे, पुष्कळ वेळा. गावापाशी एकच उपाय होता, तो लोखंडाचा. एक साखळी तुटली म्हणजे दुसरी आणावयाची. तीही तुटली तेव्हा त्यांनी त्याला मेलेल्यांच्या वस्तीत सोडून दिले. रात्रंदिवस तो डोंगरात ओरडे व दगडांनी आपले अंग फाडून घेई. ते ओरडणे गावात ऐकू येत नसेल काय? तथापि कोणी त्याला एक भाकर किंवा एक घोंगडी नेऊन दिली, असे शास्त्रात कोठेही लिहिलेले नाही.

पण याहून चमत्कारिक गोष्ट पुढे आहे. प्रभूने त्याला बरे केले. तो कपडे नेसून, नीट भानावर येऊन, शांतपणे बसला. गावची माणसे आली व त्यांनी त्याला पाहिले. आणि पाहून त्यांस आनंद झाला नाही, भय वाटले. तो वेडा होता तोपर्यंत गावाने त्याची सवय करून घेतली होती. तो बरा झाला तेव्हा त्याचे काय करावे हे गावास कळेना. कोणी त्याच्या गळ्यात पडले नाही. कोणी त्याला घरी चल म्हटले नाही. उलट ज्याने त्याला बरे केले त्यालाच, येथून निघून जा, अशी त्यांनी विनंती केली.

बंधुजनहो, रोग जातो पण नाव जात नाही, हे या कथेतले सर्वांत कडू सत्य आहे. आणि ते गरसेकरांच्या मुलुखापुरते नाही.

आपल्या खेड्यांतून काय घडते ते पाहा. एखादा तरणाबांड मुलगा, कदाचित अठरा-वीस वर्षांचा, हळूहळू मागे सरू लागतो. झोप लागत नाही. आंघोळ करीत नाही. एकटाच बोलतो, एकटाच हसतो. शेजारी माझ्यावर टपले आहेत, कोणी माझ्या अन्नात विष कालवितो, असे त्याला वाटते. जे आवाज दुसऱ्या कोणास ऐकू येत नाहीत ते त्याला ऐकू येतात. घरची माणसे प्रथम रागावतात, मग मारतात, मग घाबरतात, आणि शेवटी लपवितात. कोणी त्याला गोठ्यातल्या खुंट्याला बांधतो. कोणी म्हणतो, लग्न करून द्या म्हणजे ताळ्यावर येईल; आणि एका निरपराध मुलीस काहीही न सांगता तिच्या गळ्यात हे दुःख बांधले जाते. मुलीला असा आजार झाला तर सासरची माणसे तिला माहेरी आणून सोडतात, आणि माहेर तिला दारात उभे करीत नाही. धाकट्या भावंडांची लग्ने मोडू नयेत म्हणून आई आपल्या पोटच्या गोळ्याचे अस्तित्वच लपविते. गल्लीतली पोरे खडे मारतात, आणि वडीलधारी माणसे ओट्यावर बसून हसतात.

आता मंडळीकडे पाहू. एखाद्या भावाचा पाय मोडला किंवा त्याला विषमज्वर झाला, तर पाळकसाहेब येतात, वडील मंडळी येऊन प्रार्थना करितात, बहिणी भाकरी-कालवण आणितात, आणि रविवारी उपासनेत त्याचे नाव घेऊन देवाकडे विनंती होते. पण ज्याचे मन मोडले त्याच्या दारी कोण जातो? त्याच्यासाठी नाव घेऊन प्रार्थना कोण करितो? पाय मोडलेल्यास मंडळी आपला भाऊ म्हणते, आणि मन मोडलेल्यास अमक्याच्या घरचा वेडा म्हणते. एकाच प्रभुभोजनाच्या मेजावर बसणाऱ्या लोकांनी दोन दुखण्यांत असा भेद करावा काय?

साखळीचा शेवट कोठे होतो हे आपल्या देशाने एकदा डोळ्यांनी पाहिले आहे. तामिळनाडूत रामनाथपुरम जिल्ह्यात एरवाडी नावाचे गाव आहे. तेथील दर्ग्याच्या आसऱ्याने रोग बरा होईल या आशेने लोक आपल्या मनोरुग्णांस तेथे आणीत, व खासगी माणसांनी चालविलेल्या झोपड्यांतून ठेवून जात. तारीख ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे अशा एका झोपडीवजा घरास आग लागली. आतील रोगी साखळ्यांनी जखडलेले होते. ज्यांस पळता आले ते पळाले. बांधलेल्यांस पळता आले नाही. २८ माणसे जळून मेली. हे वाचून, ते अन्य धर्माचे स्थान होते असे म्हणून कोणी ख्रिस्ती मनुष्याने आपले हात धुऊ नयेत. ती माणसे तेथे आपण होऊन चालत गेली नव्हती. त्यांस घरच्यांनी नेऊन सोडले होते. आग एका रात्रीची होती, पण सोडून देणे अनेक वर्षांचे होते. आपल्यातही असे प्रार्थनेचे मेळावे भरतात, जेथे आजाऱ्यास धरून ठेवितात, उपाशी ठेवितात, कानाशी ओरडतात, आणि गोळ्या फेकून दे म्हणून सांगतात. देवऋषी सोडला खरा, पण त्याची धुरी व त्याचा चाबूक सोडला नाही, तर त्या सोडण्याला काय अर्थ राहिला?

येथे कोणी उपदेशक आम्हांस विचारील की, कबरांतील मनुष्यास भूत लागले होते असे शास्त्रच सांगते, मग वेड लागलेल्या प्रत्येकास आपण भूतग्रस्त का म्हणू नये? याचे उत्तर शास्त्रातच आहे. मत्तयाच्या ४ थ्या अध्यायाच्या २४ व्या वचनात लोकांनी प्रभूकडे आणिलेल्यांची यादी आहे. तीत भूतग्रस्त निराळे सांगितले आहेत, फेफरेकरी निराळे, पक्षघाती निराळे, व नाना रोगांनी पिडलेले निराळे. शुभवर्तमान लिहिणाऱ्याने जो भेद केला तो आपण पुसून टाकू नये. ज्याला रोगाचे निदान करिता येत नाही त्याने भुताचे निदान करण्याचे धाडस करू नये. आणि प्रभूची रीत कशी होती तेही पाहा. त्याने कोणास मारिले नाही, बांधिले नाही, धूर दिला नाही. ज्याला सर्व गाव वेडा म्हणत होते त्याच्यापुढे उभे राहून त्याने नाव विचारले. आमच्या मते सेवकाने प्रथम हेच शिकावे.

दुसरा कोणी म्हणेल, हा त्याच्या किंवा त्याच्या आईबापांच्या पापाचा दंड आहे. जन्मांध मनुष्याविषयी शिष्यांनी हाच प्रश्न केला होता, आणि प्रभूने दोन्ही गोष्टी नाकारिल्या, हे योहानाच्या ९ व्या अध्यायात आहे. तिसरा म्हणेल, विश्वास कमी पडला. तर एलीयाचे चरित्र वाचा. कर्मेल डोंगरावर अग्नी उतरविणारा तो संदेष्टा थोड्याच दिवसांनी रानात एका झुडुपाखाली बसून मरण मागू लागला. देवाने दूत पाठविला. त्या दूताने प्रथम काय केले? विश्वासावर व्याख्यान दिले नाही. त्याला हात लावून उठविले, भाजलेली भाकर व पाण्याचे भांडे पुढे ठेविले, आणि पुन्हा निजू दिले. ज्याचे मन खचले आहे त्याला अन्न, झोप व हाताचा स्पर्श ही आधी द्यावीत. उपदेशाला पुढे वेळ आहे.

मग हा रोग आहे तरी काय? वैद्यकशास्त्र सांगते की, जसे हृदय किंवा यकृत आजारी पडते तसा मेंदूही आजारी पडतो. ज्या आजारात माणसाला नसलेले आवाज ऐकू येतात व खोटे संशय खरे वाटतात त्यास स्किझोफ्रेनिया म्हणतात. दुसऱ्यात मन कधी बेफाम उंच उडते, तर कधी विहिरीच्या तळाशी जाते. त्यास द्विध्रुवी विकार म्हणतात. तिसरा आजार तीव्र खिन्नतेचा, ज्यात मनुष्यास जगणे नको होते. हे आजार बहुधा ऐन तारुण्यात सुरू होतात. घराण्यातून आलेली दुर्बलता, मेंदूतील रसायनांचा बिघाड, मोठा आघात, गांजासारखी व्यसने, अशी अनेक कारणे एकत्र येऊन ते उद्भवतात. करणीने ते होत नाहीत. रोग्याच्या ताटात जेवल्याने ते लागत नाहीत. असे रोगी सगळे मारकुटे असतात हाही भ्रम आहे; बहुतेक रोगी कोणास इजा करीत नाहीत, उलट तेच लोकांच्या हातून मार खातात.

आणि यांवर औषध आहे. १९४९ साली ऑस्ट्रेलियातील जॉन केड या डॉक्टराने लिथियम नावाच्या क्षाराचा गुण दाखवून दिला. १९५२ साली फ्रान्समध्ये क्लोरप्रोमाझीन हे औषध मनोरुग्णांस देण्यात येऊ लागले. तेव्हापासून पुष्कळ नवी औषधे निघाली आहेत. कित्येक रोगी पूर्ण बरे होतात; कित्येकांस मधुमेह्याप्रमाणे दीर्घकाळ गोळ्या घ्याव्या लागतात, पण ते शेतात काम करितात, संसार करितात, गीते गातात. गोळ्या मध्येच बंद केल्या म्हणजे मात्र आजार बहुधा उलटतो. असे असूनही २०१५-१६ साली देशातील १२ राज्यांत झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत असे दिसले की, गंभीर मनोविकार असलेल्या दर चार माणसांपैकी सुमारे तिघांस उपचार मिळत नव्हते. औषध आहे, पण रोगी व औषध यांच्यामध्ये एक भिंत आहे. ती भिंत पुष्कळ ठिकाणी पैशाची व अंतराची आहे. परंतु लाजेची आहे तेथे ती आपण स्वतः बांधलेली आहे.

ती पाडणारेही देवाने उभे केले आहेत. इंग्लंडात यॉर्क शहरी १७९० साली हॅना मिल्स नावाची एक विधवा वेड्यांच्या इस्पितळात मरण पावली. ती क्वेकर पंथाची होती, आणि तिच्या पंथबंधूंस तिला भेटूही दिले नव्हते. तेव्हा विल्यम ट्यूक नावाच्या चहाच्या व्यापाऱ्याने, जो वैद्य नव्हता, आपल्या मंडळीस हाताशी धरून १७९६ साली एक आश्रयस्थान उघडले. तेथे साखळ्या नव्हत्या. बाग होती, काम होते, एकत्र जेवण होते, आणि रोग्यास माणूस म्हणून हाक मारली जात होती. एका मंडळीने आपल्या एका बहिणीचे मरण मनाला लावून घेतले, त्यातून हे घडले. बेल्जम देशात खेल नावाचे गाव आहे. तेथील कुटुंबे कित्येक शतके मनोरुग्णांस पाहुणे म्हणून आपल्या घरी ठेवून घेत आली आहेत. त्या प्रथेच्या मुळाशी असलेल्या संतकथेविषयी कोणाचे मत काहीही असो, त्या गावाने उघडलेली दारे खरी आहेत. आपल्या देशात वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसोपचार केंद्रात, ज्याचा आरंभ १९५० नंतरच्या दशकात झाला, रोग्याबरोबर घरच्या माणसानेही राहावे अशी रीत पडली. म्हणजे रोगी बरा होत असता घरही शिकत जाते. आणि आपल्या महाराष्ट्रात कर्जत येथे डॉक्टर भरत वाटवानी यांची श्रद्धा संस्था रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांस उचलून आणिते, औषध देते, व ते भानावर आले म्हणजे त्यांचे गाव शोधून त्यांस घरी पोहोचविते. या कार्याबद्दल त्यांस २०१८ साली मॅगसेसे पारितोषिक मिळाले.

घरी पोहोचविणे! बंधुभगिनींनो, आपल्या शास्त्रपाठाचा शेवट तोच आहे. बरा झालेला तो मनुष्य तारवापाशी येऊन प्रभूला विनवू लागला की, मला तुझ्याबरोबर येऊ दे. त्याने तसे का म्हणावे हे समजणे कठीण नाही. ज्या गावाने साखळ्या घातल्या त्या गावात परत कोण जाईल? परंतु प्रभूने त्याला बरोबर घेतले नाही. त्याने त्याला घरी व स्वतःच्या माणसांत परत पाठविले. यावरून आम्हांस असे दिसते की, बरे करण्याचे काम प्रभूने तेथे अर्धे केले व अर्धे त्या गावावर सोपविले. मन शुद्धीवर आणणे हे त्याचे काम. दार उघडणे हे गावाचे. आज वेड्यांच्या इस्पितळांतून कित्येक माणसे बरी होऊनही तेथेच दिवस काढीत आहेत, कारण त्यांस न्यायला कोणी येत नाही. देवाने आपला वाटा पुरा केला. आपला वाटा तेवढा पडून आहे.

जुन्या करारात एका राजाचे उदाहरण आहे. बाबेलच्या नबुखद्नेस्सराची बुद्धी गेली, व तो माणसांतून घालविला जाऊन बैलांप्रमाणे गवत खाऊ लागला. त्याचा तो दंड आहे हे देवाने आधी स्वप्नात कळविले होते. आपल्या गावातल्या रोग्याविषयी देवाने आपणांस तसे काही कळविलेले नाही, म्हणून तसे बोलण्याचा आपणांस अधिकार नाही. पण शेवट पाहा. त्याची बुद्धी परत आली, तेव्हा त्याचे मंत्री व सरदार त्याला शोधीत आले आणि त्याचे राज्य त्याला परत मिळाले. मूर्तिपूजक बाबेलाने आपल्या राजासाठी जागा राखून ठेविली. ख्रिस्ताची मंडळी आपल्या गरीब भावासाठी उपासनेतील सतरंजीवर एक जागा राखून ठेवणार नाही काय?

तर मग खेड्यांतील सेवकांनी व मंडळ्यांनी काय करावे, हे थोडक्यात सांगतो.

पहिले, ज्या घरात असा आजारी आहे त्या घरी जा. आजाऱ्याशी त्याच्या नावाने बोला. तो विचित्र बोलला तर वाद घालू नका, हसू नका. त्याच्या आईजवळ बसा. अशा आईला किती वर्षांत कोणी येऊन भेटले नसेल. प्रार्थना करा, पण थोडक्यात व हळू आवाजात.

दुसरे, औषध व प्रार्थना यांस एकमेकांचे वैरी करू नका. लूक स्वतः वैद्य होता. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचाराची चौकशी करा. पुणे येथील येरवडा, ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथे सरकारी मनोरुग्णालये आहेत. १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून सरकारची टेलि-मानस सेवा चालू आहे. तेथे दिवसा अथवा रात्री विनामूल्य सल्ला मिळतो, व मराठीतही बोलता येते. कोणी मरणाची भाषा बोलू लागला तर ते नाटक समजू नका. त्याला एकटे सोडू नका, व लगेच ही मदत मागा. वाचता न येणाऱ्या घरासाठी सेवकाने स्वतः बरोबर जावे. एस.टी.चे भाडे नसेल तर मंडळीच्या दानातून द्यावे. त्या पैशाचा याहून योग्य उपयोग आम्हांस सुचत नाही.

तिसरे, जेथे साखळी दिसेल तेथे ती सोडविण्याची खटपट करा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या ९५ व्या कलमाने मनोरुग्णास कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. तथापि त्या घरास कायद्याची धमकी देऊन निघून जाऊ नका. पुष्कळदा बाप मुलाला बांधतो तो क्रूरपणाने नव्हे. दिवसा रोजावर जावे लागते आणि मागे पाहणारे कोणी नसते म्हणून. अशा वेळी शेजारच्या दोघांनी पाळीपाळीने बसावे आणि डॉक्टराकडे नेण्याची तजवीज करावी. ज्या मंडळीने स्वतः पाळी घेतली तिलाच साखळीविरुद्ध बोलण्याचा अधिकार आहे.

चौथे, जीभ आवरा. चेष्टेत दुसऱ्याला वेडा म्हणण्यापूर्वी आठवा की, आपल्या प्रभूच्या आप्तांनीही एकदा त्याचे भान सुटले असे समजून त्याला धरावयास धाव घेतली होती (मार्क ३:२१). जे नाव आपल्या तारणाऱ्याला ठेविले गेले ते नाव घेऊन आपण कोणाची थट्टा करावी, हे शोभत नाही. मुलांनाही हे शिकवा.

पाचवे, जो बरा होऊन परत येईल त्याला काम द्या. घंटा वाजविणे, दिवे लावणे, सतरंज्या अंथरणे, गीताला झांज धरणे, काहीही असो. कबरांतून आलेल्या त्या मनुष्याला प्रभूने नुसते घरी धाडिले नाही, सांगण्यास साक्षही दिली; आणि दकापलीसच्या दहा नगरांत प्रभूविषयी प्रथम बोलणारा तोच झाला. ज्याला गावाने बांधले होते तोच गावाचा उपदेशक झाला.

प्रियजनहो, प्रभू तारवात बसून पलीकडे गेला, आणि तो मनुष्य गावाच्या वाटेला लागला. त्याच्या मायबापांच्या दारी काय घडले हे शास्त्राने सांगितलेले नाही. दार उघडले की बंद राहिले, हे आपण जाणत नाही. ते पान आपल्या प्रत्येक मंडळीने आपल्या गावात लिहावयाचे आहे. या आठवड्यात एक तरी दार उघडावे, एवढीच आमची विनंती आहे. आणि ज्याने तुटलेल्या मनाच्या माणसास टाकिले नाही, तो प्रभू आपणां सर्वांस तसे करण्याचे धैर्य व प्रीती देवो. आमेन.